ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलात तर पहिला फोन कुणाला कराल?

दारू पिऊन गाडी चालवताना कुणी पकडलं गेलं की रात्री-अपरात्री जे फोन फिरायला लागतात ते बहुतेक सगळे 'कुणी ओळखीचं आहे का तिथे' ह्यासाठीच असतात, आणि हे इतक्यांदा जवळून बघितलंय की आता चीड येते. त्या तास-दोन तासात जे खरंच करायला हवं ते राहून जातं, ओळख निघत नाही ती नाहीच, आणि सकाळपर्यंत माणूस आणखी गोत्यात. म्हणून लिहितोय, लांब झालंय पण वाचा, आणि घरात कुणी पिऊन गाडीवर बसणारं असेल तर त्यालाही वाचायला द्या.

थांबवलं की वाद घालू नका. प्यायलेल्या माणसाला वाटत असतं आपण एकदम मुद्देसूद बोलतोय, आणि समोर कॅमेरा चालू असतो. नाव, पत्ता, लायसन्स मागितलं तर द्या, खोटं काही सांगू नका. पण 'साहेब दोनच घेतले, नंतर तासभर थांबलोपण होतो' ही गोष्ट सांगायची गरज नसते, तीच उद्या तुमच्या जबाबात जाऊन बसते. 'मला आधी वकिलाशी बोलायचंय' एवढं शांतपणे म्हणा आणि गप्प बसा. पैसे देऊन मिटवायचं तर डोक्यातही आणू नका, एका गुन्ह्याचे दोन होतात.

'फुंकूच नको, मग पुरावाच नाही' असा सल्ला देणारे मित्र असतात ना, त्यांचं अजिबात ऐकू नका. ब्रिटनमध्ये योग्य कारणाशिवाय टेस्टला नाही म्हणणं हाच वेगळा गुन्हा आहे, अमेरिकेतल्या राज्यांमध्ये नकार दिला म्हणून लायसन्स जाऊ शकतं, आणि इतरही बऱ्याच देशात कायदा साधारण त्याच वाटेनं जातो. टेस्ट द्या, पण डोळे उघडे ठेवून द्या. नुकताच घोट घेतला असेल, उलटी झाली असेल, किंवा अल्कोहोलवालं माउथवॉश वापरलं असेल तर तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे रीडिंग खोटं वाढतं, साधारण पंधरा मिनिटं थांबलं की ते जातं, म्हणून हे तिथल्या तिथे सांगा. रीडिंग स्वतः बघा, वेळ लक्षात ठेवा. मर्यादा सगळीकडे सारखी नसते: भारतात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, जर्मनीत साधारण ५०, स्वीडनमध्ये २०, इंग्लंडमध्ये ८०. 'तिकडे तर एवढं चालतं' हे कुठल्याच कोर्टात उपयोगाचं नाही.

आता ज्यावर कुणीच बोलत नाही ते. आत बसवलेल्या माणसाची तब्येत. डायबेटिस असेल आणि साखर खाली गेली तर माणूस अगदी प्यायल्यासारखाच बरळतो, तोल जातो. डोक्याला मार लागला असेल तरीही तसंच दिसतं, आणि सगळे म्हणतात झोपू दे, उतरेल. अपघात झालेला असेल, भले गाडी नुसती डिव्हायडरला घासली असेल, तर डॉक्टरनं तपासल्याशिवाय त्याला झोपू देऊ नका. आणि जो माणूस रोज भरपूर पितो त्याची दारू अचानक तुटली की काही तासात हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, पहिल्या एक-दोन दिवसात फिट येऊ शकते, नंतर भ्रम होऊ शकतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. घरच्यांना माहीत असतं तो रोज किती पितो. पण लाजेपोटी तिथे कुणी बोलत नाही, उलट 'कधीतरीच घेतो हो' असं सांगतात. नका हो असं करू. चालू असलेली औषधं घेऊन जा आणि अधिकाऱ्याला, डॉक्टरला स्पष्ट सांगा की हा रोज पितो, किती पितो, शेवटचं कधी प्यायला.

म्हणून माझ्या मते पहिला फोन घरातल्या सगळ्यात शांत डोक्याच्या माणसाला आणि दुसरा वकिलाला. बास. ओळखीपाळखीवाल्यांना कामाला लावण्यात हे दोन फोन मागे पडतात.

कागद वाचल्याशिवाय सही नाही. गाडी, लायसन्स, काहीही जमा करून घेतलं तर त्याची पावती मागा. आणि सुटल्यावर स्वतः गाडी चालवत घरी यायचं नाही. मित्राच्या धाकट्या भावाला आणायला गेलो होतो तेव्हा बाहेर आल्या आल्या 'दादा, झोप झालीये, एकदम फ्रेश आहे, मीच चालवतो' म्हणून किल्लीला हात घालत होता, डोळे लाल आणि शर्टाला अजून वास. साधा हिशोब आहे. १०० मिली रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं उतरतं, कुणाचं थोडं कमी कुणाचं जास्त. रात्री दोनला १५० असेल तर शून्यावर यायला दुपारचे बारा वाजणार. ब्लॅक कॉफी, गार पाण्यानं अंघोळ, लिंबू, ह्यातल्या कशानंही लिव्हरचा वेग वाढत नाही. सुटल्या सुटल्या परत पकडले जाणारे असेच सापडतात.

घरी आलात की झोपायच्या आधी, नाहीतर उठल्या उठल्या, सगळं लिहून काढा. किती वाजता काय प्यायलं, काय खाल्लं, कुठे थांबवलं, टेस्ट किती वाजता, कोण काय बोललं, बरोबर कोण होतं. बिलं, मेसेज जपून ठेवा. फेसबुकवर, ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. हा कागद थेट वकिलाला द्या, आणि वकील असल्या केसेस नेहमी चालवणारा बघा, घरातल्या जमिनीच्या केसवाले काका नकोत. त्याच्यापासून काही लपवू नका, आधी कधी सापडला असाल तर तेही, नोकरी ड्रायव्हिंगची आहे का, परदेशी जायचंय का, सगळं. 'दंड भरा आणि मोकळे व्हा' असं कुणी म्हणालं तर आधी विचारा की गुन्हा कबूल केला तर रेकॉर्डवर काय राहतं आणि दुसऱ्यांदा सापडलो तर शिक्षा किती वाढते.

जामीन मिळाला म्हणजे सुटलो असं समजणारे खूप. केस चालू असते बाबांनो! तारीख चुकली की वॉरंट निघू शकतं. लायसन्सचं प्रकरण बऱ्याच ठिकाणी कोर्टापेक्षा वेगळं चालतं, त्याची मुदत वेगळी असते, ते पहिल्याच भेटीत वकिलाला विचारून घ्या. आणि लायसन्स सस्पेंड असताना 'इथल्या इथे तर जायचंय' म्हणून गाडी काढलीत तर मग वकीलही फार काही करू शकत नाही.

'पण मी तर नीट चालवत होतो' हे प्रत्येक जण म्हणतो. मनापासून म्हणतो, मला माहितीये, कारण दारू सगळ्यात आधी स्वतःचा अंदाजच बिघडवते. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात रॉबर्ट बोर्केनस्टाइन ह्यांच्या टीमनं अपघात झालेले हजारो ड्रायव्हर आणि तशाच वेळी त्याच जागी बिनअपघात जाणारे ड्रायव्हर तपासून तुलना केली होती, १९६४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रक्तातलं प्रमाण वाढलं की अपघाताचा धोका हळूहळू चढत नाही, एका टप्प्यानंतर सरळ उसळी मारतो. १९५४ मध्ये ब्रेथॅलायझर, म्हणजे फुंकून दारू मोजायचं यंत्र, बनवणारेही हेच बोर्केनस्टाइन.

म्हणून ओळख लावून कुणाला सोडवलं की मला आनंद होत नाही, भीती वाटते. कुणी मेलं नाही, कुणी जन्माचं अपंग झालं नाही, आणि एका यंत्रानं आकडा दाखवून थांबवलं, एवढी चांगली संधी क्वचित मिळते. ती घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती कोर्टाच्या पहिल्या तारखेच्या आधी बसून खरीखुरी भरा, बायकोला किंवा आईला शेजारी बसवून भरा म्हणजे उत्तरं खोटी होणार नाहीत. आठ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरकडे जा, रोज पीत असाल तर आपल्या आपण एकदम बंद न करता आधी जा. आणि तोपर्यंत गाडीची किल्ली, दुसरी किल्लीपण, घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या.