'सौजन्य: इंटरनेट' म्हणजे कोण?

आमच्या गिरगावातल्या एका मंडळाच्या स्मरणिकेत एकावन्न रुपये वर्गणी देणाऱ्याचंही नाव छापतात. राहून गेलं तर तो माणूस वर्षभर तोंड फिरवून जातो. त्याच स्मरणिकेत सीएसएमटीचा पानभर रंगीत फोटो आणि खाली 'सौजन्य: इंटरनेट'. फोटो होता विकिमीडिया कॉमन्सवरचा, म्हणजे लोकांनी सगळ्यांना वापरायला दिलेल्या फोटोंच्या ऑनलाइन साठ्यातला. फुकट वापरा, फक्त काढणाऱ्याचं नाव आणि परवाना (कोणत्या अटींवर वापरायला दिलाय ते) लिहा, एवढीच त्याची अट.

फोटोला निदान एक धनी तरी असतो. लेखांचं त्रांगडं मोठं. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. १ मे २००३ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ते लेखाखाली नसतं, लेखातल्या बदलांची नोंद ठेवणारं 'इतिहास' हे पान उघडून बघावं लागतं. तिथे कळतं की लेख सुरू करणारा एक आणि पुढे तो सांभाळणारे कितीतरी. २०१८मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. स्टेशनावरच्या पाट्या रेल्वेने बदलल्या. पण असं नाव बदललं की विकिपीडियावर कुणीतरी बसून लेखाचं स्थानांतरण करायचं, म्हणजे तो नव्या नावावर न्यायचा, जुनं नाव शोधणाराही तिथेच पोचावा म्हणून पुनर्निर्देशन ठेवायचं, साच्यात, म्हणजे लेखातल्या ठरावीक चौकटीत, बदल करायचा, शिवाय दादर आणि लोअर परळच्या लेखांतलं शेजारचं स्थानकही दुरुस्त करायचं. पगार नाही, टीए-डीए नाही.

"हौसेने करतात ना, मग नाव कशाला?" हा प्रश्न मला चीड आणतो. हौशी नाटकातसुद्धा पडदा ओढणाऱ्याचं नाव प्रयोगाआधी माइकवर घेतात.

मात्र संपादनांचे आकडे मोजून मानपान ठरवू नयेत. सांगकाम्या, म्हणजे बॉट, शेकडो पानांवरचे वर्ग, म्हणजे लेखांचे विषयवार गट, झटक्यात बदलतो. दुसरीकडे एखादी बाई दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दुपार घालवून एकाच वाक्याला संदर्भ जोडते. आकड्यात ती एकच नोंद!

आणि हो, बऱ्याच जणांना खरं नाव नकोच असतं. मग त्यांनी घेतलेलं सदस्यनाव लिहा. खोदून खोदून खरं नाव शोधणं हा आगाऊपणा झाला.

विकिपीडियावरचा लेख जसाच्या तसा वाचून व्हिडिओ काढणाऱ्यांनो, सगळी नावं लिहीत बसू नका. मूळ लेखाची लिंक आणि परवान्याचं नाव टाकलं तरी चालतं, लिंकवरून इतिहासापर्यंत पोचता येतं. डिस्क्रिप्शनमध्ये तीन-तीन कूपन कोड मावतात, तिथे एवढंही मावेल.