‘गॅलरीत फुकट होत असे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

शाळेत जायला नकार देणाऱ्या एका मुलीच्या निमित्ताने, कुटुंबाला सोबत घेऊन केल्या जाणाऱ्या मानसोपचाराविषयी मी गेल्या लेखात लिहिले होते. त्यावर ‘जुना गिरणगावकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच वाचकांच्या पसंतीस उतरलेली दिसते, म्हणून ती आधी जशीच्या तशी देते.

“ताई, लेख वाचला. आमच्या चाळीच्या गॅलरीत शेजारपाजारचे जे फुकट करत, त्यालाच तुम्ही थेरपी म्हणता आणि पाऊण तासाचे पैसे घेता. पोरगी शाळेत जात नाही म्हणून अख्ख्या घराला बोलावणे म्हणजे एका गिऱ्हाइकाची चार गिऱ्हाइके करणे. पद्धती सगळ्या परदेशी. आणि बापच यायला तयार नसेल तर काय करायचे, यावर लेखात एक ओळ नाही. दुकान छान आहे, चालू द्या.”

‘ताई’ म्हणून हाक मारायची आणि चार ओळींनंतर त्याच ताईला दुकानदार ठरवायचे, या रीतीचे मला आता नवल वाटत नाही. मतभेदाचे मला वावडे नाही. याच जागी माझ्या लेखांवर कडक टीका झालेली आहे आणि ती मी शांतपणे वाचलेली आहे. पण समोरच्याच्या हेतूवरच बोट ठेवले की त्याच्या म्हणण्याशी झुंजण्याचे कष्ट वाचतात, ही सोय, गिरणगावकर, आपण फार सहज वापरली आहे. दाताच्या डॉक्टरला, वकिलाला, दहावीची शिकवणी घेणाऱ्या सरांना कोणी ‘दुकान’ म्हणत नाही. मनाच्या कामाचे पैसे घेतले की मात्र ती लबाडी ठरते, आणि तीही टोपणनावाआडून.

आता त्या गॅलरीच्या वाक्याबद्दल. ते वाचायला गोड आहे, म्हणूनच त्याच्यावर मी अधिक वेळ घालवणार आहे.

मी स्वतः लालबागच्या चाळीत वाढले, त्यामुळे गॅलरी म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आमच्या मजल्यावरचे जवळजवळ प्रत्येक घर त्यात होते. वडील सुरुवातीला सभांना जात. पुढे तेही थांबले आणि ते दिवसदिवस कठड्याला टेकून खाली बघत उभे राहू लागले. त्याच पावसाळ्यात धाकट्या भावाला हात धुण्याचा नाद लागला. तो सामायिक नळावर जाई, हात धुई, परत येई, दाराला हात लागला म्हणून पुन्हा जाई. घरात मिळकत नाही आणि साबण असा झिजतो आहे, म्हणून आईने वडी तांदळाच्या डब्यात लपवायला सुरुवात केली. मग तो नुसत्या पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने हात घासू लागला.

आपण म्हणता ती गॅलरी तेव्हा हजर होती. शेजारच्या काकू प्रत्येक वेळी त्याचे हात उलटसुलट करून बघत आणि “झाले हो स्वच्छ, जा आता” असे म्हणत. तो जाई आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारायला येई. एकांनी दृष्ट काढायला सांगितली, दुसऱ्यांनी दोन ठेवून द्यायला सांगितले, आणि आठवडा उलटायच्या आत खालच्या मजल्यावरची पोरे त्याला ‘सोवळेकाका’ म्हणून हाका मारू लागली. काकूंची माया खरी होती, आणि संपाच्या त्या वर्षात आमच्या घरी कितीतरी रात्री भाकरी याच गॅलरीतून आली, हे मी विसरलेली नाही. पण काकूंच्या मायेने भावाचा आजार वाढला, हेही तितकेच खरे आहे.

मंत्रचळात, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या या आजारात (ओसीडी), नेमके असेच होते. “स्वच्छ आहेत ना?” या प्रश्नाला “हो” असे उत्तर मिळाले की मुलाला घटकाभर सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेच्या ओढीनेच पुढचा फेरा पक्का होतो. 1966 मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी याच्या उलट वाट घेतली : रुग्णाला ज्या वस्तूची भीती वाटते ती हाताळू द्यायची आणि त्यानंतरचे धुणे, पुसणे, तपासणे होऊ द्यायचे नाही. त्या पायावर उभी राहिलेली पद्धत आज मंत्रचळावरच्या पहिल्या पसंतीच्या उपचारांत गणली जाते. तीत भीतीची चढती यादी करावी लागते, सर्वांत सोप्या पायरीपासून सुरुवात करावी लागते, अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत मुलासोबत थांबावे लागते, आणि घरातल्या माणसांना न ओरडता, न चिडता दिलासा देणे हळूहळू बंद करायला शिकवावे लागते. हे शेवटचे काम सर्वांत कठीण, कारण रडणाऱ्या लेकराला “झाले हो स्वच्छ” न म्हणणे आईला निर्दयपणा वाटतो. भावाला हे उपचार मिळाले ते पुढे कॉलेजात असताना, महापालिकेच्या एका रुग्णालयात, गोळ्यांच्या जोडीने. मधली सारी वर्षे गॅलरीच्या हवाली गेली. ही एका घराची हकीकत झाली, तो पुरावा नव्हे, असे आपण म्हणाल. पण जे घर मी आतून पाहिले आहे त्यापुढे आपल्या गोड आठवणीचे वजन मला तरी जाणवत नाही.

गॅलरीत आणखी एक गोष्ट होऊ शकत नाही, ती म्हणजे गुपित राखणे. लहान मुलाला जे छळत असते ते बहुधा त्याला शब्दांत मांडता येत नाही आणि जिथे सगळे ऐकत आहेत तिथे तर नाहीच नाही. म्हणून मुलांशी आम्ही खेळातून काम करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1947 मध्ये या पद्धतीची जी तत्त्वे मांडली त्यांत एक असे आहे की वाट मुलाने दाखवायची आणि मोठ्या माणसाने मागून जायचे. घाई करायची नाही, आणि बंधने घालायची ती फक्त अत्यावश्यक तेवढीच. माझ्या खोलीत एक मुलगा दर बैठकीला ‘बाबा’ असलेली बाहुली खेळण्यातल्या फ्रिजमध्ये बंद करत असे. (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.) मी एवढेच म्हणत असे, “बाबा आजपण आतच.” काही बैठकांनंतर त्याने फ्रिजचे दार किंचित उघडे ठेवले आणि म्हणाला, “त्यांना आता ओरडता येत नाही, गार झालेत.” गॅलरीतल्या कोणत्या काकांनी हे वाक्य बाहेर येऊ दिले असते? “बाबांना असे करतात का रे?” हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला असता आणि खेळ तिथेच संपला असता.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही आपली समजूत तीच दिसते, की कोणीतरी बोलते आणि कोणीतरी मान डोलावते. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या, विचार तपासायला शिकवणाऱ्या पद्धतीत रुग्ण घरून वही लिहून आणतो : कोणता प्रसंग घडला, त्या क्षणी मनात कोणता विचार आला, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी समजुती ओळखून बदलायला लावणारी विवेकनिष्ठ पद्धत तर महाराष्ट्रात इतकी रुजली आहे की आपल्या ओळखीतल्या कोणीतरी तिची कार्यशाळा केलेली असण्याचा संभव आहे. यात गप्पा कुठे आल्या?

आपल्या बाजूने बोलणारी एक गोष्ट आहे, ती आपल्याला ठाऊक नसावी, म्हणून मीच सांगते. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले, आणि 6 ते 8 बैठकांच्या त्यांच्या कामाचा चांगला उपयोग झाल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे पदवी नसलेला माणूस हे काम करू शकतो. मात्र त्या माणसांना प्रशिक्षण होते, प्रत्येक बैठकीत काय करायचे ते ठरलेले होते आणि त्यांच्या कामावर देखरेख होती. कठड्याला टेकून दिलेला सल्ला यांपैकी कशातच बसत नाही.

‘एका गिऱ्हाइकाची चार’ हा टोमणा खोडून काढायला फार वेळ लागत नाही, कारण कुटुंबाच्या बैठकीचे शुल्क डोकी मोजून घेतले जात नाही. तरीही चौघांना एकत्र का बसवायचे, हे लेखातल्या मुलीच्याच उदाहरणाने पुन्हा सांगते. तिचे पोट सोमवारी दुखत असे आणि बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीत काही सापडले नव्हते. पहिल्या बैठकीत मी मुलीला तिच्या पोटाबद्दल काहीच विचारले नाही. “पोट दुखणार आहे हे घरात सगळ्यांत आधी कोणाला कळतं?” असे विचारले. ती म्हणाली, “आजीला.” मग आजी काय करते? “आईला सांगते.” मग आई? “बाबांवर चिडते, तुमचं लक्ष नसतं म्हणून.” आणि बाबा? मुलगी थोडी थांबली आणि म्हणाली, “बाबा मोबाईल ठेवतात.” ते ऐकून वडिलांनी हातातला मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला आणि आई खिडकीकडे पाहू लागली.

मुलीला एकटीला खोलीत घेऊन मी तिला श्वासाचे व्यायाम शिकवले असते, तर हे कधी कळले असते? कुटुंबासोबत उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ साल्व्हादोर मिनुचिन यांनी फिलाडेल्फियात काम करताना दाखवले ते हेच की मुलाचे लक्षण पुष्कळदा घरातल्या मोठ्यांच्या नात्यात काही काम करत असते. म्हणून ते बैठकीत खुर्च्यासुद्धा बदलायला लावत. आईवडिलांच्या मधोमध बसलेल्या मुलाला उठवून त्या दोघांना शेजारी बसवले की कधीकधी अर्धी गोष्ट तिथेच उघड होते. याचा अर्थ आईवडील दोषी आहेत असा होत नाही, आणि बैठकीत कोणाची बाजूही घ्यायची नसते. चाळीतले शेजारी मात्र नेहमी कोणाची तरी बाजू घेतात. आमच्या मजल्यावर तर अर्ध्या बिऱ्हाडांनी आईची घेतली होती आणि अर्ध्यांनी वडिलांची.

परदेशीपणाच्या आक्षेपाला दोन वाक्ये पुरे आहेत. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंत राहायला बोलावून त्यांना उपचारांत सामील करून घेतले होते. दुसरे, भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र 1937 मध्ये आपल्याच मुंबईत, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने काढले, म्हणजे आपल्या आठवणीतल्या त्या गॅलरीइतकेच ते इथले जुने रहिवासी आहे.

राहिला वडील न येण्याचा मुद्दा. लेख कुटुंबाच्या बैठकीवर होता, न झालेल्या बैठकीवर नव्हता, त्यामुळे त्यावर ओळ नसणे यात मला काही वावगे दिसत नाही. कुटुंबोपचाराचे आणखी एक जाणकार, मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या मते घरातला एक माणूस जरी आपली वागण्याची रीत शांतपणे बदलू लागला तरी बाकीच्यांना हलावे लागते. तेव्हा जो येतो त्याच्यासोबत काम सुरू करता येते. ज्या घरात मारहाण किंवा भीती आहे तिथे सर्वांना एकत्र बसवतही नाहीत. सविस्तर लिहायला ही जागा नव्हे, आणि खरे सांगायचे तर ‘दुकान चालू द्या’ असे लिहिणाऱ्याला हे उत्तर मनापासून हवे होते का, याची मला शंका आहे.

एक गोष्ट मात्र मी मोकळेपणाने मान्य करते : लेखात खर्चाविषयी काहीच लिहिलेले नव्हते, आणि खासगी बैठकीचे शुल्क पुष्कळ घरांना झेपणारे नाही. तेव्हा ज्यांना गरज आहे त्यांनी लक्षात ठेवावे की केईएम, नायर, सायन आणि जे. जे. या रुग्णालयांत मनोविकार विभागाचा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तिथे केसपेपरचा खर्च नाममात्र असतो. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. रुग्णालयात गर्दी असते, सकाळी लवकर जावे लागते आणि मुलांसाठी वेगळा वार ठरलेला आहे का हे आधी विचारून घ्यावे लागते. हे मी आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे रांगेबद्दल माझ्याकडे निराळी तक्रार येणार नाही.