‘पसरला’ म्हणजे नेमका कुठे आणि किती?

“मलाशयाचा कॅन्सर गाठीबाहेर पसरला की ऑपरेशनचा उपयोग नाही, उलट चाकू आणि हवा लागली की तो जास्तच भडकतो” असा मजकूर घरोघरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. तो वाचून कुणी ऑपरेशन लांबणीवर टाकलं, तर गेलेले महिने परत येत नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘पसरला की संपलं.’ मलाशयाची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची, भिंत ओलांडून बाजूच्या चरबीत जाणं, लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड, रोगप्रतिकाराच्या बारीक गाठी) जाणं आणि यकृत-फुप्फुसांत जाणं ही एकच गोष्ट नव्हे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार कॅन्सर मलाशयापुरताच असेल तर पाच वर्षं जगण्याचं सापेक्ष प्रमाण (म्हणजे कॅन्सर नसलेल्या त्याच वयाच्या लोकांच्या तुलनेत) सुमारे ९० टक्के आहे, आसपास किंवा ग्रंथींत गेला असेल तर साधारण ७४ आणि दूरच्या अवयवात गेला असेल तर १८च्या आसपास. (यात ऑपरेशन न झालेले रुग्णही आहेत.) मधला आकडा नीट पाहा. तो ‘संपलं’ म्हणण्याचा नाही.

चरबीत किती आत गेला, यानेही फरक पडतो. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या २००१ मधल्या अभ्यासात भिंतीबाहेर ५ मिलिमीटरपर्यंतच गेलेल्यांत सुमारे ८५ टक्के रुग्णांचा पाच वर्षांत या कॅन्सरने मृत्यू झाला नव्हता. त्याहून खोल गेलेल्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. रिपोर्टमध्ये दोन्हीकडे ‘टी-३’च, म्हणजे भिंतीबाहेरच्या चरबीत गेलेला!

ग्रंथींचंही तसंच. रिपोर्टमधला ‘एन’ म्हणजे ग्रंथींची स्थिती: १ ते ३ बाधित म्हणजे एन-१, ४ किंवा जास्त म्हणजे एन-२. रिपोर्टमध्ये ‘२/१४’ असं दिसेल, म्हणजे १४ तपासल्या, २ बाधित. खालचा आकडा तितकाच महत्त्वाचा. किमान १२ तपासायला हव्यात. पाचच तपासून ‘एकही बाधित नाही’ म्हटलं तर त्यावर विसंबता येत नाही. आधी रेडिएशन झालं असेल तर मात्र ग्रंथी आकसतात आणि कमी सापडू शकतात.

‘चाकू लागला की पसरतो.’ हवेचा काही संबंध नाही. खरा धोका वेगळा आहे: काढताना गाठ फुटणं किंवा कडेला पेशी मागे राहणं. मलाशयाभोवती चरबीचं वेष्टन असतं, मेसोरेक्टम. ते न फाडता, अखंड काढायचं हा ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेला मुद्दा. काढलेल्या भागाला पॅथॉलॉजिस्ट बाहेरून शाई लावतात, पातळ काप करतात आणि शाईपासून गाठीचं अंतर मोजतात. ते १ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कडा बाधित धरतात; मग कॅन्सर त्याच जागी परतण्याची भीती वाढते. रिपोर्टमध्ये ‘सीआरएम’ (काढलेल्या भागाची भोवतालची कडा) शोधा आणि त्यापुढचा आकडा सर्जनला विचारा.

‘यकृतात गेला म्हणजे काहीच करता येत नाही.’ यकृतातले डाग मोजके आणि काढण्याजोगे असतील, तर ते काढलेल्या निवडक रुग्णांपैकी दहातले साधारण चार जण पाच वर्षांनी हयात असतात. सगळ्यांना हे जमत नाही, हेही खरं.

‘ऑपरेशन झालं, आता केमो कशाला?’ ऑपरेशनआधी रेडिएशन दिल्याने कॅन्सर त्याच जागी परतणं घटतं, पण रक्तावाटे दूर गेलेल्या पेशींवर ते चालत नाही. त्यासाठी केमो. ऑपरेशननंतर ठरली असेल तर ती शक्यतो आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. जखम भरायला वेळ लागत असेल, तर ते ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरतज्ज्ञाला) त्याच आठवड्यात सांगा. पुढच्या तपासणीच्या भेटीपर्यंत थांबू नका.