चार वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट नको? मेसेज अर्धवट आहे

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय: 'चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेटची सक्ती नाही, निर्धास्त शाळेत सोडा.'

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्यांना हेल्मेट सक्तीचं करतं, एवढं खरं. पण त्याच कलमात धाकट्यांसाठी केंद्र सरकार वेगळे नियम करू शकतं, असंही आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं तिथवर वाचलेलं दिसत नाही. ते नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला डोक्याला नीट बसणारं हेल्मेट हवं (ठरलेल्या दर्जाचं सायकलचंही चालतं). चार वर्षांखालचं मूल चालवणाऱ्याला पट्ट्यानं बांधलेलं हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

'शाळा तर कोपऱ्यावरच आहे' ही सूट कायद्यात कुठेच नाही. आणि बाबांचं हेल्मेट पोराला चढवून भागत नाही. ते नाकापर्यंत घसरतं, पट्टा हनुवटीखाली लोंबतो. स्कूटरवर पुढे उभं राहून आरसा धरणारं पोर बघायला गोड वाटतं. ब्रेक लागला की आधी हँडलवर तेच आपटतं.