टॉपर गळत नाही, साहेब

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू मी वाचला, घरच्यांनीही वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीतच देतो. कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांवरच्या पाच रात्री तुम्हाला आणि तुमच्या मेहुण्यांना मी भाड्याने दिलेल्या ट्रकच्या टॉपरमध्ये, म्हणजे बेडवर (मागच्या उघड्या हौद्यावर) बसवलेल्या बंद टपाखाली, ओल्या स्लीपिंग बॅगमध्ये काढाव्या लागल्या, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. रजा टाकायची, एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीच्या टॅगचे (परवान्याचे) पैसे भरायचे आणि वर जाऊन झोपेचं खोबरं व्हायचं, हे कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

आता मुद्द्याचं. जागा अडचणीची होती, फोन उशिरा उचलला, सफाईचे दीडशे डॉलर कापले, हे सगळं मी ऐकून घेतो. पण ‘गळका टॉपर गळ्यात मारला’ हे वाक्य काही घशाखाली उतरत नाही. ट्रकच्या बेडवर बसवायचा फायबरग्लासचा एक नवा टॉपर तीन-चार हजार डॉलरला पडतो, आणि माझा धंदा सप्टेंबरच्या धनुष्यबाणवाल्यांपासून नोव्हेंबरातल्या शेवटच्या रायफल सीझनपर्यंत. त्या अडीच महिन्यांवर वर्ष काढायचं असतं. ‘गळका’ हा शब्द वाचून लोक पुढचं वाचतच नाहीत.

तुम्ही गाडी परत दिलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉपरमध्ये कोरडे वर्तमानपत्राचे कागद अंथरले आणि पाइपाने छतावर, खिडक्यांवर, पुढच्या सांध्यावर अर्धा तास पाणी सोडलं. टॉपर जिथे बेडच्या कडांवर बसतो तिथली रबरी पट्टी बोटाने चाचपून पाहिली. कागद कोरडे ते कोरडेच. टेलगेटच्या, म्हणजे मागच्या फळीच्या, फटीतून धूळ आत येते, ते मी नाकारत नाही. ते तर गाडी देतानाच सगळ्यांना सांगतो. पण धूळ वेगळी आणि गळती वेगळी.

शिवाय तुमचाच रिव्ह्यू पुन्हा एकदा वाचा. वरच्या परिच्छेदात लिहिलंय, ‘बर्फ पडलंच नाही, त्यामुळे एल्क खाली उतरले नाहीत, चौथ्या दिवसापर्यंत काही हाती लागलं नाही.’ आणि खालच्या परिच्छेदात, ‘रात्रभर छतातून पाणी ठिबकत होतं.’ अहो, वरून ना पाऊस, ना बर्फ. मग पाणी आलं कुठून?

ते तुमच्याच श्वासातलं होतं. दोन धडधाकट माणसं साडेनऊ हजार फुटांवर, बाहेर उणे आठ-दहा तापमान, आणि आत सगळं गच्च बंद. श्वासातली वाफ थंडगार छताला लागते, तिथे गोठते आणि आत ऊब झाली किंवा सकाळी ऊन लागलं की वितळून खाली पडते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं तर खालून थेंब दिसतात, म्हणून झाकण गळकं म्हणतो का आपण? तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोतही छताला आतून सगळीकडे सारखा पांढरा थर दिसतोय. टॉपर गळला तर एका जागी गळतो, तिथून ओघळ येतो. असा चारी कोपऱ्यांत सारखा फुटत नाही.

यावर उपाय एकच, दोन्ही बाजूंच्या सरकत्या खिडक्या बोट-दोन बोटं उघड्या ठेवायच्या. समोरासमोरच्या, म्हणजे हवा खेळती राहते. हे मी किल्ली हातात देताना सांगितलं होतं, आणि डाव्या खिडकीखाली मराठी-इंग्रजी दोन्हीत स्टिकर आहे. तुमच्या पहिल्या फोटोत त्या स्टिकरचा कोपरा दिसतोय. बाकीचा स्टिकर झाकला गेलाय, कारण खिडक्यांवर ताडपत्री बांधलेली आहे. ती ताडपत्री माझी. ती मी मांसाखाली अंथरायला दिली होती. तिचा विषय पुढे येतोच.

हीटरबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘हीटरसुद्धा सारखा बंद पडत होता.’ वाचणाऱ्याला वाटेल, तोही माझाच. साहेब, मी टॉपरमध्ये हीटर देत नाही. करारात दोन वेळा लिहिलंय की आत ज्योत पेटवायची नाही. तो छोटा प्रोपेन हीटर तुमचा स्वतःचा होता. असल्या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. सात हजार फुटांच्या वर हवा विरळ, म्हणून तो बंद पडू शकतो, असं बनवणारेच माहितीपत्रकात छापतात. खालचं मीकर गाव सव्वासहा हजार फुटांवर आहे, तिथे तो छान चालला असेल. वर तुमच्या तळावर तो बंद पडला, हे माझ्या मते तुमचं नशीब. आणि हो, प्रोपेन जळला की त्यातूनही पाणीच निघतं. एक पौंडाचा सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ पाऊण लिटर पाण्याची वाफ त्या बंद खोक्यात सोडतो. म्हणजे ऊब हवी म्हणून जे पेटवलं, त्यानेच स्लीपिंग बॅगा जास्त भिजल्या.

‘अलार्म रात्री किरकिर करत होता’ असंही लिहिलंय. तो कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे ज्योतीतून निघणाऱ्या विषारी वायूचा अलार्म. परत आला तेव्हा बॅटरी काढलेली होती आणि तो ग्लोव्हबॉक्समध्ये होता. यावर मला फार बोलायचं नाही. ते बघितल्यावर मी तिथेच बाकड्यावर बसलो, एवढंच सांगतो. खिडक्या बंद, वर ताडपत्री, आत हीटर आणि अलार्मला बॅटरी नाही. तुम्हाला एक स्टार द्यायला परत येता आलं याचंच मला बरं वाटतं, खरंच.

रायफलच्या स्कोपवर, म्हणजे दुर्बिणीवर, वाफ धरली, त्यालाही टॉपर जबाबदार नाही. दिवसभर थंडीत फिरलेली रायफल दमट, उबदार जागेत आणली की काचेवर वाफ धरणारच. ती रिकामी करून, केसमध्ये घालून, कुलूप लावून पुढच्या केबिनमध्ये ठेवायची, तिथे थंडच राहू द्यायची. इथले जुने शिकारी हेच करतात.

जागेचं म्हणाल तर तुमचं थोडं बरोबर आहे. साडेसहा फुटांचा बेड आणि चाकांच्या कमानींमध्ये जेमतेम चार फूट रुंदी. दोन उंच माणसांना कूस बदलायची तर एकमेकांना सांगूनच बदलावी लागते. पण ‘यापेक्षा ट्रेलर परवडला असता’ हे पटत नाही. ज्या फॉरेस्ट रोडने तुम्ही वर गेलात तिथे चिखल झाल्यावर ट्रेलर वळवून दाखवा. एल्क दरी सोडून गेले की अर्ध्या तासात तळ हलवता येतो, पहाटे चारला उठून दार उघडलं की पायवाट समोर. टॉपर घेतात ते त्यासाठी. हॉटेलसारखं झोपायला कुणी घेत नाही.

आता ते दीडशे डॉलर. एल्क मिळाला याचं अभिनंदन, मोठा नर असणार. हाडं काढल्यावरही दोनशे पौंडांच्या आसपास मांस होतं, आणि ते तुम्ही थेट गादीखालच्या कार्पेटवर ठेवलंत, कारण ताडपत्री खिडक्यांवर होती. रक्त कार्पेटमधून खाली प्लायवूडच्या सांध्यात उतरलं. ते गरम पाण्याने धुता येत नाही, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. थंड पाणी, ब्रश आणि गुडघ्यांवर बसून दुपार गेली. तरी एक तुकडा कापून नवा बसवावा लागला. रायफलच्या तिसऱ्या सीझनचं गिऱ्हाईक त्याच गाडीसाठी थांबलेलं होतं, आणि अस्वलांच्या मुलखात रक्ताचा वास येणाऱ्या गाडीत मी कुणाला झोपायला पाठवणार नाही. पावती हवी तर पाठवतो. गाडी ठरल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा आली, त्याचा मी एक डॉलरही लावला नाही. ते मात्र रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं वाक्य. ‘आपल्या माणसाकडून घेतलं आणि फसलो.’ आपला माणूस म्हणूनच मी तुम्हाला दर कमी केला होता, नकाशावर कुठे पाणी आहे आणि कुठे रस्ता खचलाय ते खुणा करून दिलं होतं. इथे ग्रँड जंक्शनला शिकारीचे ट्रक भाड्याने देणारा मराठी माणूस बघून आधीच लोक भुवया उंचावतात. त्यांना दाखवायला तुम्ही हे एक वाक्य दिलंत.

असो. फोन उचलायला उशीर झाला, तो सीझनमध्ये होतो. यापुढे काहीतरी व्यवस्था करतो. खिडक्या आणि ताडपत्रीचा छोटा व्हिडिओ करून बुकिंगसोबत पाठवायचं मनात आहे. गादीखाली हवा जाईल अशी जाळी घालायचंही बघतोय, बजेट जमलं तर पुढच्या सीझनपर्यंत. तुम्ही पुन्हा आलात तर एक रात्र माझ्याकडून. फक्त खिडक्या उघड्या ठेवा.

तुमच्या मेहुण्यांची केशरी टोपी ड्रॉवरमध्ये राहिली आहे. कोलोरॅडोत रायफल सीझनला डोक्यावर भडक केशरी किंवा गुलाबी टोपी नसेल तर एल्कची शिकार करता येत नाही, म्हणजे ती लागणारच. पत्ता कळवा, पाठवून देतो. पोस्टाचा खर्च माझा.