एका ब्रॅकेटची पूर्वतयारी

नवीन वस्तू कारखान्यात तयार होते, हा कारखान्याबाहेरच्या लोकांचा गोड गैरसमज आहे. कारखान्यात नुसता पत्रा वाकतो, भोकं पडतात, रंग बसतो. ती वस्तू आहे असं मान्य होतं ते सप्लाय चेनच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे आधी तिचा आयटम कोड पडतो आणि मग 'प्रॉडक्ट रेडीनेस पॉलिसी' तिची झडती घेते. बीओएम, म्हणजे ती कशाकशापासून बनते याची यादी, आहे का? रूटिंग, म्हणजे ती कोणत्या कामांतून कोणत्या क्रमाने जाते ते, आहे का? वजन, पॅकिंग, लीड टाइम (माल हाती यायला लागणारे दिवस), स्टँडर्ड कॉस्ट (हिशेबासाठी आधीच ठरवलेला खर्च)? सगळ्यांपुढे हिरवी खूण पडेपर्यंत त्या आयटमची ना विक्रीची ऑर्डर लागते, ना खरेदीची, ना उत्पादनाची. वस्तू टेबलावर ठेवलेली असते, तिला हात लावता येतो, पायावर पाडून घेतली तर लागतेसुद्धा. पण सिस्टिमच्या लेखी ती अजून यायची असते.

कल्पना वाईट नाही. सेल्सने मोठ्या उत्साहात ऑर्डर घ्यावी आणि प्रॉडक्शनने "पण हे बनतं कशापासून?" असं विचारावं, हा प्रसंग ज्याने पाहिला आहे तो या पॉलिसीला हात जोडेल. मीही जोडले होते. मग ती कॉन्फिगर करायचं काम माझ्याकडे आलं. का आलं, तर मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा बाकीचे आपापल्या लॅपटॉपमध्ये बघत होते आणि मी समोर बघत होतो.

पॉलिसीत तपासण्या तीन जातींच्या असतात. पहिली सिस्टिम चेक. ती सॉफ्टवेअर स्वतः करतं: अमुक नोंद आहे की नाही एवढंच बघतं आणि पुढे जातं. दुसरी मॅन्युअल चेक, म्हणजे एका जिवंत माणसाने स्क्रीन उघडायची, आकडे बघायचे आणि 'ठीक आहे' म्हणायचं. तिसरी चेकलिस्ट: प्रश्नावली भरायची, आणि उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली तर आयटम पुढे सरकणार. कन्सल्टंटने हे सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाला, "सर, टेक्निकली हे अगदी सोपं आहे." कन्सल्टंटच्या तोंडी 'टेक्निकली' आलं की उरलेलं काम माणसांशी आहे असं समजावं.

पायलटसाठी आम्ही भिंतीवर लावायचा एक साधा लोखंडी ब्रॅकेट निवडला. यापेक्षा निरुपद्रवी वस्तू कारखान्यात नव्हती. सगळ्या खात्यांना बोलावून मी विचारलं, "हा विकायला काढण्याआधी काय काय तपासलेलं असावं?"

अशी गर्दी मी बोनसच्या चर्चेलाही पाहिली नव्हती. प्रत्येक खात्याकडे यादी होती. मात्र ती दुसऱ्या खात्याने काय करावं याची होती. क्वालिटीचं म्हणणं, परचेसने सप्लायरचं मान्यतापत्र लावलंच पाहिजे. परचेस मॅडम म्हणाल्या, "आधी डिझाइनने ड्रॉइंग फायनल करावं, मग आमच्याकडे बोट दाखवा." डिझाइनला स्टोअर्सकडून पॅकिंगची मापं हवी होती. स्टोअर्सचं मत होतं की मापं क्वालिटीने घ्यायची असतात, त्यांच्याकडे व्हर्नियर असतो. अकाउंट्सचे साहेब शेवटपर्यंत गप्प होते. शेवटी म्हणाले, "कॉस्ट शिवाय काही हलणार नाही," आणि पुन्हा गप्प झाले.

एक्स्पोर्टवाल्यांनी एचएस कोडची तपासणी घालायला लावली. हा जागतिक सीमाशुल्क संघटनेचा वर्गीकरणाचा कोड, 1988 पासून लागू आहे. त्याचे पहिले 6 अंक जगभर सारखे असतात, पुढचे अंक ज्या त्या देशाचे. आता ब्रॅकेट कशात मोडतो? एक पक्ष म्हणाला, लोखंडाच्या इतर वस्तूंत, 7326. दुसरा म्हणाला, फर्निचरच्या फिटिंगमध्ये, 8302.42. शेवटी कोणीतरी पुस्तक उघडलं तर 8302.50 मध्ये ब्रॅकेटचं नावच लिहिलेलं निघालं, टोप्या अडकवायच्या खुंट्यांच्या शेजारी. डिझाइनचे प्रमुख दुखावले. लोड कॅलक्युलेशन करून काढलेल्या वस्तूला खुंटीच्या पंगतीत बसवल्याचं त्यांना फार लागलं. बाकी सगळे खूश होते, कारण निदान एक रकाना तरी वाद मिटून भरला गेला होता.

यादी 14 तपासण्यांवर थांबली. नासा तंत्रज्ञान कितपत तयार झालंय हे मोजायला 1 ते 9 अशी पट्टी वापरते. 9 म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेत वापरून सिद्ध झालेलं. अंतराळात जायला 9 पायऱ्या आणि भिंतीवर जायला 14, हे मी बोलून दाखवलं. क्वालिटीचे साहेब गंभीरपणे म्हणाले, "त्यांचं रिजेक्शन किती असतं ते बघा."

इथपर्यंत उत्साह होता. मग मी स्क्रीनवरचा पुढचा रकाना दाखवला: तपासणी कोणाच्या नावावर?

एवढी शांतता आमच्या मीटिंग रूममध्ये फक्त प्रोजेक्टर बंद पडल्यावर असते. ज्या तपासण्यांसाठी लोक मघाशी टेबलावर हात आपटत होते, त्यांच्याकडे आता कोणी ओळख दाखवेना. कोणाला अचानक ऑडिट आठवलं, कोणाचा फोन वाजला, आणि एकाने तर न वाजलेला फोन उचलला. परचेस मॅडमनी तोडगा काढला, "व्यक्तीचं नाव नको, टीमचं टाका." सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. टीमच्या नावावर टाकलं की तपासणी टीममधल्या सगळ्यांना दिसते, आणि सगळ्यांना दिसते म्हणून प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केली असेल. आमच्याकडे टीमला दिलेल्या तपासण्या पिकत घातल्यासारख्या तशाच पडून राहिल्या.

दुसरा तोडगा स्टोअर्सकडून आला. जेवढं जमेल तेवढं सिस्टिम चेकमध्ये टाका, म्हणजे माणसाचा प्रश्नच नको. पण सिस्टिम चेक आंधळी नसली तरी फार भोळी असते. रकान्यात काहीतरी आहे ना, मग झालं. ही बातमी डेटा एंट्रीपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. ब्रॅकेटचं वजन 1 किलो. लांबी 1, रुंदी 1, उंची 1. लीड टाइम 1 दिवस, किमान ऑर्डर 1 नग. आमच्या मास्टर डेटाप्रमाणे ब्रॅकेट हा एक घनाकृती पदार्थ होता. सिस्टिमने सगळीकडे हिरव्या खुणा दिल्या. सगळं 1 कसं काय, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "सर, शून्य टाकलं तर एरर येतो."

या बाबतीत बारकोडवाल्यांचं मला कौतुक वाटतं. त्यांच्या 13 अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या 12 अंकांवरून, त्यांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून काढलेला असतो. एक अंक जरी चुकला तरी तो पकडला जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा सापडतात. फक्त त्या दोन अंकांत नेमका 5 चा फरक असेल, तर बेरीज पुन्हा जुळते आणि चूक निसटते. वजनाच्या रकान्याला असा पहारेकरी अजून कोणी दिलेला नाही.

माझं म्हणणं असं, की नोंद आहे की नाही ते यंत्राने बघावं आणि नोंद खरी आहे की नाही ते माणसाने. हे मी मीटिंगमध्ये मांडलं. सर्वांना तत्त्वतः मान्य झालं, म्हणजे कोणीही करणार नव्हतं.

मग कॉस्टचं घोडं अडलं. स्टँडर्ड कॉस्ट काढायला खरेदीची किंमत हवी. खरेदीची किंमत पक्की करायला सप्लायरला नमुन्याची ऑर्डर द्यायला हवी. ऑर्डर द्यायची तर आयटम ॲक्टिव्ह हवा. आणि आयटम ॲक्टिव्ह व्हायला स्टँडर्ड कॉस्ट हवी, ती तपासणी सक्तीची आहे, अकाउंट्सच्या साहेबांनी स्वतः बसून तिच्यावर टिक करून घेतली होती. मी हे वर्तुळ फळ्यावर काढून दाखवलं. साहेबांनी ते नीट पाहिलं. म्हणाले, "वर्तुळ बरोबर आहे."

सक्तीची टिक काढायला त्यांना राजी करणं हा वेगळाच अध्याय आहे, तो त्यांच्या निवृत्तीनंतर लिहीन.

पॉलिसी बनवताना पहिल्याच ओळीत विचारतात: ही वस्तूसाठी, की सेवेसाठी? दोन वेगळ्या पॉलिसी कशाला सांभाळायच्या, असा वरून आदेश आला, म्हणून वस्तूच्याच 14 तपासण्या सेवेलाही जशाच्या तशा चिकटवल्या. परिणामी 'फिटिंग चार्जेस' या आयटमला निव्वळ वजन, साठवणुकीचं तापमान आणि एका खोक्यात किती नग बसतात, असं विचारण्यात आलं. स्टोअर्सने वजन 1 किलो लिहिलं. खोक्यात किती, हा प्रश्न मात्र त्यांनी प्रामाणिकपणे परत पाठवला.

एवढ्यात सेल्सने आनंदाने कळवलं की ब्रॅकेट 4 रंगांत आणि 3 मापांत येणार आहे. म्हणजे 12 व्हेरियंट. तपासण्या प्रत्येक व्हेरियंटला वेगळ्या निघतात, तेव्हा 168. आमच्या समूहात कंपन्या 3, आणि आयटम प्रत्येक कंपनीत वेगळा रिलीज होतो, म्हणजे 504. एका ब्रॅकेटसाठी. सकाळी लोकांनी 'माझ्या प्रलंबित तपासण्या' हे पान उघडलं आणि ज्यांना स्क्रोल करायची सवय नव्हती ते हेल्पडेस्कला फोन करू लागले, की सिस्टिम हॅक झाली आहे.

याच सुमारास कोणाला तरी 'रीअसाइन' बटणाचा शोध लागला. हे बटण खरं तर माणूस रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला तर त्याचं काम दुसऱ्याकडे वळवण्यासाठी आहे. आमच्याकडे त्याला खो-खोचं स्वरूप आलं. क्वालिटीने डिझाइनला खो दिला, डिझाइनने परचेसला, परचेसने स्टोअर्सला, आणि स्टोअर्सने संध्याकाळी निघता निघता क्वालिटीला. लॉग काढून पाहिला तेव्हा लक्षात आलं, की निळ्या मधल्या मापाच्या ब्रॅकेटची ड्रॉइंगची तपासणी आमच्या कोणत्याही मालापेक्षा जास्त फिरली आहे.

आणि तरीही डिस्पॅचच्या दारात रोज ब्रॅकेटची खोकी गाडीत चढत होती.

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी स्टोअर्समध्ये गेलो. आयटम अजून ॲक्टिव्ह नाही, मग चलन निघतं कसं? तिथल्या सीनियर काकांनी माझ्याकडे नव्या भरतीकडे बघतात तसं बघितलं. म्हणाले, "अहो, ते 'इतर-किरकोळ'मध्ये निघतं."

'इतर-किरकोळ' हा आयटम सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाच कोणीतरी चाचणीसाठी उघडला होता. पॉलिसी येण्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे त्याला एकही तपासणी नाही. वर्णनाच्या जागी हवं ते टाइप करता येतं, किंमत हाताने टाकता येते. सेल्स, परचेस, क्वालिटी, सगळ्यांना तो माहीत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच माहीत आहे. महिनाअखेरीच्या अहवालात आमचं सर्वाधिक खपणारं उत्पादन म्हणून त्याचंच नाव वर आलं. मॅनेजमेंटने 'इतर-किरकोळ'ची मागणी एवढी का वाढली आणि त्याची उत्पादनक्षमता वाढवता येईल का, अशी विचारणा केली.

तातडीची मीटिंग बोलावली गेली. एकमताने ठरलं, की 'इतर-किरकोळ'ला ताबडतोब रेडीनेस पॉलिसी लावायची. मी पॉलिसी लावली, 14 तपासण्या उघडल्या. पहिल्या ओळीवर कर्सर नेला तोच परचेस मॅडमनी विचारलं, "सर, याचं ड्रॉइंग कोणाकडून घ्यायचं?"

डिझाइनचे प्रमुख फोन कानाला लावून बाहेर निघून गेले. तो वाजलेला मी तरी ऐकला नाही.