बूट पायातच राहिले, मग प्रीचेक कशाला?

जुलै २०२५ पासून अमेरिकेतल्या विमानतळांवर सगळ्यांनाच बूट घालून तपासणीतून जाता येतं. त्याआधी ही सवलत मुख्यतः प्रीचेकवाल्यांना होती. प्रीचेक म्हणजे टीएसए या विमानतळ-सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे पैसे भरून, आधीच माहिती तपासून घेऊन मिळणारी झटपट तपासणीची रांग. तेव्हापासून मंदारचं एकच पालुपद. "माझं टीएसए प्रीचेक संपत आलंय. परत पैसे भरायचे कशाला? बुटांसाठीच तर घेतलं होतं!"

"आणि लॅपटॉप? पट्टा, जॅकेट, ती शाम्पूच्या बाटल्यांची पिशवी?" केतकीने विचारलं. "प्रीचेकच्या रांगेत यातलं काहीच काढावं लागत नाही."

"नवे स्कॅनर आलेत तिथे साध्या रांगेतही लॅपटॉप बॅगेतच राहतो."

"सगळीकडे आलेत का? आणि पाच वर्षांना साधारण ऐंशी डॉलर. कितीतरी क्रेडिट कार्डं तेही परत देतात."

इतका वेळ गप्प बसलेला निखिल म्हणाला, "तुमचं चालू द्या. मला तर अर्जच करता येत नाही."

खरंच होतं ते. निखिल एच-वन-बीवर, आणि प्रीचेकचा अर्ज फक्त नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना करता येतो. पण ग्लोबल एन्ट्री ही अमेरिकी सरकारची दुसरी योजना भारतीय नागरिकांना २०१७ पासून खुली आहे, हे त्याच्या गावीच नव्हतं. फी १२० डॉलर, मुदत पाच वर्षं, आणि प्रीचेक त्यातच येतं. वर परदेशातून परतताना इमिग्रेशनची लांब रांग टळते. मेख एवढीच की भारतीय पासपोर्ट असेल तर पासपोर्ट सेवा पोर्टलवर वेगळा अर्ज करून भारतातली पडताळणीही करून घ्यावी लागते. मग सशर्त मंजुरी, मग मुलाखत. ती मुलाखत बऱ्याच विमानतळांवर परदेशातून उतरल्या उतरल्या देता येते, त्यामुळे अपॉइंटमेंटसाठी ताटकळायला नको. अर्ज नामंजूर झाला तर मात्र फी गेली.

"पण मुळात हे पटतं का तुम्हाला?" मंदार पुन्हा सुरू झाला. "सुरक्षा तपासणीत पैसे देऊन पुढे जायचं! देवळातलं व्हीआयपी दर्शनच झालं की हे."

"नुसते पैसे नाहीत रे. बोटांचे ठसे घेतात, गुन्ह्यांची नोंद तपासतात. ज्याची माहिती आधीच हाताशी आहे त्याला कमी तपासतात, एवढंच."

"म्हणजे ज्याच्याकडे ऐंशी डॉलर नाहीत तो जास्त संशयित?"

याला केतकीकडे धड उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. तरी ती रांग मी सोडणार नाही, हेही तितकंच खरं.

सुजाताला काळजी पोरांची. बारा वर्षांपर्यंतचं मूल आईबाबांबरोबर प्रीचेकच्या रांगेतून जाऊ शकतं. ग्लोबल एन्ट्री मात्र तान्ह्या बाळालाही स्वतःची लागते.

मी मध्ये पडलो ते खोट्या वेबसाइटवरून. प्रीचेकचा अर्ज टीएसएच्या सरकारी साइटवरूनच सुरू करायचा. नव्या अर्जाचे पैसे नोंदणी केंद्रात प्रत्यक्ष जाऊन भरायचे असतात. नव्या अर्जाचा फॉर्म भरताच कार्डाचा नंबर मागणारी साइट भामट्यांची समजायची. शिवाय मंजुरीनंतर मिळालेला प्रीचेकचा नंबर तिकीट काढताना टाकायला विसरलात, किंवा तिकिटावरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळलं नाही, तर मुकाट्याने साध्या रांगेत.

"नूतनीकरण सहा महिने आधीपासून ऑनलाइन होतं," केतकीने मंदारला ऐकवलं.

"माहितीये," तो म्हणाला. "डिसेंबरची तिकिटं काढायच्या आधी बघतो."